अनऑथराइज्ड स्टोरेज

“बॉक्स तुम्ही मागितला, डेटा तुम्ही रचला. आता नाक कोणाचं कापायचं तेही तुम्हीच सांगा,” लांजेवार साहेब म्हणाले आणि त्यांनी आलेखाचा कागद दोन बोटांनी माझ्याकडे सरकवला.

कागदावर तीन दिवसांच्या तीन रेषा होत्या. तिन्ही सकाळभर शहाण्यासारख्या सरळ चालायच्या, बारानंतर ताडकन उठून उभ्या राहायच्या आणि पावणेदोनच्या सुमारास, आम्ही त्या गावचेच नाही अशा चेहऱ्याने खाली येऊन बसायच्या.

“उद्या चौथा दिवस आहे, गायधने.”

“हो सर.”

“चौथा बिघडला तर पुढचे सहा मोजायचीही गरज नाही. आठल्ये साहेब मुंबईची गाडी पकडतील, अन् त्यांच्या मागून आपण सगळे.”

गोष्ट नव्व्याण्णव सालच्या मे महिन्यातली, नागपूरची. एका विमा कंपनीच्या संगणक केंद्रात मी नोकरीला होतो. केंद्रात मेनफ्रेम नावाचं खोलीएवढं संगणकयंत्र होतं आणि विदर्भातल्या सगळ्या शाखांच्या पॉलिसी त्याच्यावर चालायच्या. पण मेनफ्रेम कितीही हुशार असलं तरी त्याला फाइल आणून देणारा शिपाई सुस्त असेल, तर साहेबाने खुर्चीत बसून माश्याच मारायच्या. डिस्कचा बॉक्स म्हणजे तो शिपाई. बॉक्स कसला, चांगलं लोखंडी कपाट होतं. मशीनने मागितल्यापासून माहिती हातात पडेपर्यंत किती मिलिसेकंद लागतात, हा त्याचा रिस्पॉन्स टाइम. त्या शिपायाला पळवत ठेवण्याचा पगार मी घेत होतो.

मुंबईच्या मुख्य कार्यालयाला सगळी केंद्रं गुंडाळून एकाच जागी न्यायची होती. लांजेवार साहेब आमच्या केंद्राचे प्रमुख. ते भांडले, मी मागितलेला नवा बॉक्स मिळवला, आणि मुंबईने अट घातली ती अशी: आठल्ये साहेबांना पाठवून, बॉक्स सुरू झाल्यापासून दहा कामाचे दिवस मोजायचे. रोजचा सगळ्यात वाईट तास धरायचा. त्या तासाची सरासरी पंधरा मिलिसेकंदांच्या वर गेली की तो दिवस नापास. तीन दिवस नापास चालतील, चौथा झाला की मशीन मुंबईला, आणि मशीनबरोबर अडतीस माणसं. आमचे पहिले तीन दिवस ओळीने नापास झाले होते. बावीस, चोवीस, एकवीस.

मी त्या तीन दिवसांत काय नाही केलं? जास्त वापराच्या फाइली एकमेकींपासून दूर नेल्या, सासू-सुनांना वेगळं बिऱ्हाड करून द्यावं तशा. दुपारी सगळ्या शाखा एकदम पॉलिसी भरतात म्हणून लोड वाढत असेल, असा एक सिद्धान्त मांडला. शाखांना फोन केले तर कळलं, शेहेचाळीस डिग्रीत बारानंतर कोणी ग्राहक फिरकतच नाही, लोक टेबलावर डोकं ठेवून झोपतात. सिद्धान्त मोडीत निघाला.

चौथ्या दिवशी सकाळी फुलझेले मॅडम माझ्या टेबलाशी आल्या. मशीनच्या खोलीत कन्सोलसमोर बसणाऱ्या त्या आमच्या सगळ्यात जुन्या ऑपरेटर. खोलीत कायम वीस डिग्री असल्यामुळे मे महिन्यातही त्यांच्या अंगावर मरून स्वेटर असायचा. उन्हाळ्यात त्या खोलीत सगळ्यांची कामं निघायची. हिशेबाचे लोक तर तारीख विचारायलाही तिथे जायचे.

“तोंड काहून असं करून बसले जी?” त्यांनी विचारलं.

“तुम्हाला माहीत आहे काहून.”

“रजनीला सांगितलं?”

रजनी माझी बायको, महापालिकेच्या शाळेत शिक्षिका. मानेवाड्याला आम्ही नुकतंच घर बांधलं होतं, आणि दारं उघडली की अजून रंगाचा वास यायचा. “नाही सांगितलं,” मी म्हणालो. “तुम्ही घरी सांगितलं?”

“कोणाला सांगू? यांना अर्धांगवायू झाल्यापासून यांना पंखा सुरू कर एवढंच सांगता येते. माझे चौदा महिने राहिले आहेत, गायधने. मुंबईची ऑर्डर आली तर मी हातानं राजीनामा लिहीन, दुसरं काय? यांना उचलून मुंबईच्या कोणत्या माळ्यावर नेऊ?” हे त्यांनी अगदी साधेपणाने सांगितलं. मग त्यांनी टेबलावरची माझी निळ्या झाकणाची बाटली उचलली. “द्या ते ताक इकडे. डोकं तापलं आहे, ताक तरी गार राहू द्या.”

ही रोजची रीत होती. मी भंडाऱ्याहून बदलून आलो त्याला चौदा महिने झाले होते. उन्हाळा लागला की मॅडम सकाळी बाटली घेऊन जायच्या आणि दीडला आणून द्यायच्या, अशी गार की हाताला झिणझिण्या याव्यात. त्या भाजून काढणाऱ्या दिवसांत मला देव आठवायचा तो एवढ्याच वेळेला. कुठे ठेवता, हे मी कधी विचारलं नाही. कॅन्टीनमध्ये एक फ्रीज उभा होता, तिथेच ठेवत असतील असं धरून चाललो होतो.

बारा वाजता लांजेवार साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. समोर आठल्ये साहेब बसले होते. मुंबईहून आलेला हा माणूस किडकिडीत, पूर्ण बाह्यांचा शर्ट, आणि बोलणं असं की प्रत्येक शब्दाची मंजुरी वरून आणावी लागत असावी. खिशात एक चिमुकली वही. तिच्यात तो सतत काहीतरी टिपायचा. चहा किती वाजता आला, दिवे किती वेळा गेले, जिना चढायला किती सेकंद लागले. तीन दिवसांत आमच्या लोकांनी त्यांचं नाव चित्रगुप्त ठेवलं होतं. आमच्याकडे उन्हाळ्यात पाहुण्याला चहा नंतर, आधी ताक. त्यामुळे त्यांच्यासमोर ग्लास होता, बाहेरून पाणी सुटलेला.

“आज किती?” लांजेवार साहेबांनी मला विचारलं.

“बारापर्यंत सहा मिलिसेकंद, सर.”

“अन् आता?”

मी घड्याळाकडे पाहिलं. सव्वाबारा वाजले होते.

लांजेवार साहेबांनी सुस्कारा सोडला आणि फोन उचलला. रोज या वेळेला ते घरी फोन करून बायकोला “जेवली का?” एवढं विचारायचे. सदतीस वर्षांच्या संसारात हा खंड पडला नव्हता, आणि चौथा नापास दिवसही त्याच्या आड येणार नव्हता. त्यांनी रिसीव्हर कानाला लावला आणि लगेच तोंड वाकडं करून लांब धरला.

“घ्या. आजही केकाटून राहिला.”

“कोण, सर?”

“काय माहीत. चार दिवस झाले, बाराच्या पुढे फोन उचलला की आत मांजर चेंगरल्यासारखं कोणी ओरडते. मी चार-पाच वेळा खटखट करतो, मग गप्प होते. पाहा, ऐका.”

मी रिसीव्हर घेतला. आत उंच सुरात शिट्टी, मग खरखर, मग पुन्हा शिट्टी. ते मांजर नव्हतं. तो मोडेम होता, यंत्राने यंत्राला लावलेला फोन.

बॉक्स बसवायला आलेला माणूस छाती फुगवून सांगून गेला होता, की या बॉक्सला स्वतःची फोनची तार आहे. अंगात काही बिघडलं की तो कोणाला न विचारता कंपनीला फोन लावतो. बॉक्स सुरू व्हायच्या आधी, एप्रिलच्या वादळात, लांजेवार साहेबांचा फोन मेला, तेव्हा लाइनमनने जवळच्या जिवंत तारेवर त्यांना जोडून दिलं होतं. ती तार कोणाची, हे कोणी पाहिलं नव्हतं. चार दिवस आमचा बॉक्स जीव तोडून मदत मागत होता, आणि आमचे साहेब बायकोला जेवलीस का विचारायला त्याचा गळा दाबत होते.

“सर, मी आलोच,” मी म्हणालो. मग लांजेवार साहेबांकडे रोखून पाहिलं. “तुम्ही आठल्ये साहेबांना नागझिऱ्याच्या वाघाची गोष्ट सांगितली का?”

लांजेवार साहेब इशारा समजणारा माणूस. तो वाघ त्यांनी अठ्ठ्याऐंशी साली पाहिला होता आणि तेव्हापासून तो दरवर्षी एक फूट वाढत होता. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. आठल्ये साहेबांनी आधी माझ्याकडे, मग घड्याळाकडे पाहिलं, आणि वहीत काहीतरी टिपलं.

मी पळत मशीनच्या खोलीत शिरलो. कन्सोलच्या पडद्यावर तेवीस दिसत होते. बॉक्सच्या दारावर पूजेच्या दिवशी अडकवलेली प्लास्टिकच्या झेंडूची माळ होती. ती बाजूला केली, तर मागे एक पिवळा दिवा लुकलुकत होता. दिव्याखाली बॅटरीचं चित्र. मागे जाऊन हात लावला तर चुलीवरच्या तव्यासारखी धग.

आता सगळं लख्ख दिसलं. बॉक्सची चलाखी अशी असते, की मशीनने काही लिहायला दिलं की तो ते आधी आपल्या मेमरीत ठेवतो, “झालं” म्हणून मोकळा होतो आणि डिस्कवर सवडीने लिहितो. वीज गेली तर मेमरीतलं जाऊ नये म्हणून बॅटरी असते. बॅटरी फार तापली की तिचा भरवसा उरत नाही. मग बॉक्स चलाखी सोडून देतो, प्रत्येक अक्षर डिस्कवर लिहितो आणि तेव्हाच “झालं” म्हणतो. प्रामाणिक होतो, म्हणून सुस्त होतो. पण वीस डिग्रीच्या खोलीत बॅटरी तापायचं कारण काय?

“मॅडम, याच्यासमोरची जाळीची लादी उचला.”

फुलझेले मॅडम जागच्या हलल्या नाहीत. “ती काहून?”

“हवा येत नाही आहे.”

मशीनच्या खोलीची जमीन लोखंडी पायांवर उभी असते. लाद्यांखाली दीड फूट पोकळ, त्यातून एसीची गार हवा वाहते आणि यंत्रांसमोरच्या जाळीतून वर येते. आमच्याकडे तिला खोटी जमीन म्हणायचे. मी रबरी कप लावून लादी उचलली.

खाली अन्नपूर्णा बसली होती.

डब्यांच्या दोन ओळी, एकावर एक तीन थर. हिशेबातल्या गोंडाणे बाईंची पन्ह्याची बरणी. युनियनच्या ढोकांचं अर्धं टरबूज, कापडात बांधलेलं. ओल्या फडक्यात कोथिंबीर. कोणाच्या तरी पोराच्या वाढदिवसाचा केक. लांजेवार साहेबांचं दही. आणि सगळ्यांच्या पुढे, हवेच्या नेमक्या तोंडाशी, निळ्या झाकणाची माझी बाटली.

“हे कधीपासून?” मी विचारलं.

“एक्क्याण्णवपासून,” मॅडम म्हणाल्या. “आधी इथं टेपांचं कपाट होतं. त्याला कुठं हवेचं पडलं होतं? कॅन्टीनचा फ्रीज मेला तेव्हापासून तर सगळ्यांचंच इथं येते. साडेदहाला मी मांडते, पाहुण्याचं ताक बाराला काढते, बाकीचं दीडला.”

“अन् मला कोणी सांगितलं नाही?”

“तुम्ही कधी विचारलं? रोज पिता, अन् व्वा म्हणता.”

तीन दिवस मी आलेख चाटत बसलो होतो, आणि आलेखाचं कारण रोज दीड वाजता, मीठ-जिरं घातलेलं, मी घटाघटा पीत होतो.

मॅडमनी पडद्याकडे पाहिलं, मग खड्ड्याकडे. त्यांना समजायला फार वेळ लागला नाही. त्या मटकन खाली बसल्या. “म्हणजे हे मी करून राहिली होती? माझ्याच पायावर धोंडा पाडून राहिली होती, अन् तोही गार करून?”

“आपण सगळे, मॅडम. काढा आधी.”

त्यांनी स्वेटरच्या बाह्या वर केल्या. आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून काढत होतो. डबे, बरण्या, टरबूज. तारीख विचारायला आलेले हिशेबाचे दोघं दारातच थिजले, त्यांच्या हातात मी केक दिला. साडेबाराला खड्डा रिकामा झाला आणि जाळीतून अशी हवा सुटली की मॅडमचा पदर उडाला.

मग वाट पाहणं. तेवीस. चोवीस. तेवीस. मॅडम कन्सोलसमोर हात जोडल्यासारख्या बसल्या होत्या, पण जोडलेले नव्हते, एकमेकांत घट्ट आवळलेले होते. बारा एकेचाळीसला पिवळा दिवा विझला. पडद्यावर नऊ आले. मग सहा.

पण मोजायचा होता तो पूर्ण तास, बारा ते एक. बारा दहापासून अर्धा तास तेवीसने खाल्ला होता. एक वाजता मशीनने सरासरी काढून दिली. चौदा पूर्णांक आठ.

मॅडमनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि बराच वेळ पुसतच राहिल्या.

दुसऱ्या दिवसापासून सगळे डबे रेकॉर्डच्या खोलीत गेले. तिथे बेचाळीस डिग्री. वरण आंबलं, दही आंबटढाण झालं, ढोकांनी टरबूज आणणं सोडलं. कोणी चकार शब्द काढला नाही. आठल्ये साहेबांसमोर बाराला ग्लास जायचाच, पण आता त्याला बाहेरून पाणी सुटत नसे. ते अर्धा पिऊन ठेवायचे. रिस्पॉन्स टाइम मात्र सहा, साडेपाच, सहा.

दहाव्या दिवशी फॉर्म आला. एक रकाना होता, पहिल्या तीन दिवसांच्या वाढीचं कारण. लांजेवार साहेब, मी आणि फुलझेले मॅडम केबिनचं दार लावून बसलो.

“खरं लिहिलं तर गेलो,” लांजेवार साहेब म्हणाले. “विमा कंपनीच्या मेनफ्रेमखाली कैरीचं पन्हं. मुंबईला पेढे वाटतील.”

“खोटं लिहिलं तर बॉक्सवाले येऊन उघडं पाडतील,” मी म्हणालो. “त्याच्या पोटात सगळी नोंद आहे. बॅटरी तापल्याची, फोन लावल्याची.”

“खरंच लिहा ना जी,” मॅडम म्हणाल्या. “पण इंग्रजीत लिहा.”

मी लिहिलं: अनऑथराइज्ड स्टोरेज फाउंड इन द पाथ. रिमूव्ह्ड.

संध्याकाळी आठल्ये साहेबांनी मला एकट्याला बोलावलं. फॉर्म त्यांच्यासमोर होता, पेनाचं टोपण काढलेलं होतं.

“अनऑथराइज्ड स्टोरेज,” त्यांनी वाचलं. “किती होतं?”

“मोजलं नाही सर.”

“अंदाजे?”

“अडतीस... युनिट.”

“कोणत्या कंपनीचं?”

अडतीस घरांचं, असं सांगता येत नव्हतं.

“गायधने,” ते म्हणाले, “ताकाला जाऊन भांडं लपवू नका.”

त्यांनी खिशातली वही काढून माझ्यासमोर उघडी ठेवली. बारीक अक्षरात दोन रकाने आखले होते. एकात आकडे: बावीस, चोवीस, एकवीस, चौदा पूर्णांक आठ, मग सहा, साडेपाच, सहा, सहा, साडेपाच, सहा. दुसऱ्या रकान्यात प्रत्येक आकड्यासमोर एकेक शब्द. गार. गार. गार. गार. कोमट. कोमट. कोमट. कोमट. कोमट. कोमट.

डोळ्यांपुढे घर आलं, शाळेतून येणारी रजनी आली, पंख्याकडे बघत पडलेला तो माणूस आला, ज्याला मी कधी पाहिलंही नव्हतं.

“पाचव्या दिवशी ताक कोमट आलं तेव्हा कळलं,” आठल्ये साहेब म्हणाले. “या इमारतीत गार जागा एकच, म्हणून सहाव्या दिवशी तुम्ही जेवायला गेल्यावर बॉक्ससमोरची लादी उचलून पाहिली. एक कोथिंबिरीची काडी राहिली होती.”

“सर, चूक माझी आहे. बाकी कोणाची...”

“मला रिस्पॉन्स टाइम मोजायला पाठवलं आहे,” त्यांनी मला मध्येच तोडलं. “तीन दिवस नापास, सात पास. अट पूर्ण झाली. ताकाला या फॉर्मात रकाना नाही.” त्यांनी सही केली. मग पेन तसंच हातात धरून विचारलं, “तुमच्या कॅन्टीनमधला फ्रीज?”

“बंद आहे सर. चार वर्षं झाली.”

त्यांनी शिफारशींच्या रकान्यात एक ओळ लिहिली, फॉर्म उलटा ठेवला आणि बॅग उचलली. जिना उतरताना त्यांनी पायऱ्या मोजल्या असणारच. मी त्यांना परत कधी पाहिलं नाही, आणि नीट आभारही मानले नाहीत, याची चुटपुट मला अजून आहे.

केंद्र नागपूरलाच राहिलं. फुलझेले मॅडम चौदा महिन्यांनी त्याच स्वेटरमध्ये, त्याच खोलीतून निवृत्त झाल्या. पण त्याआधी, म्हणजे आठल्ये साहेब गेल्यावर तीन आठवड्यांनी, मुंबईहून एक खोका आला. खोक्यासोबतच्या कागदावर इंग्रजीत टाइप केलेलं होतं: ॲडिशनल स्टोरेज, वन युनिट, वन सिक्स्टी फाइव्ह लिटर्स.

मॅडमनी तो कागद दोनदा वाचला. मग खोका फोडून फ्रीज लावला, तो गार होईस्तोवर त्याच्यासमोर स्टूल टाकून बसल्या, आणि सगळ्यात आधी माझी निळ्या झाकणाची बाटली आत ठेवली.

“पाहा,” डोळे पुसत त्या म्हणाल्या, “मी म्हटलं होतं ना, इंग्रजीत लिहा.”